बॉनेटवरचा बैल आणि दावणीचा बैल

सुटी म्हणजे विश्रांती, तीर्थाटन किंवा आप्तेष्टांच्या भेटीगाठी, ही समजूत आता जुनी झाली. नवश्रीमंत भारतीय कुटुंबांच्या सुटीच्या कार्यक्रमपत्रिकेत अलीकडे एक नवे कलम शिरले आहे. दुबईला किंवा अबुधाबीला जायचे, तेथील शर्यतीच्या धावपट्टीवर फेरारी किंवा लॅम्बोर्गिनी भाड्याने घ्यायची, चार-सहा फेऱ्या मारायच्या आणि कृतकृत्य होऊन परतायचे. दुबईचा ऑटोड्रोम २००४ साली सुरू झाला, अबुधाबीचा यास मरिना २००९ साली. अमेरिकेत लास वेगासला जुगाराच्या जोडीला हाही धंदा तेजीत आहे. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग तर १९२७ पासून उभे आहे आणि त्याच्या वीस किलोमीटरहून अधिक लांबीच्या वळणावळणाच्या धावपट्टीवर तिकीट काढून कोणालाही आपली गाडी पळवता येते.

हा व्यवहार कसा चालतो, ते पाहण्यासारखे आहे. पाहुणा येतो. काही बरेवाईट घडल्यास चालकांची जबाबदारी नाही, अशा कागदावर प्रथम सही करतो. पडद्यावर त्याला अर्धा तास समजावून सांगतात. डोक्यावर शिरस्त्राण चढते. शेजारच्या आसनावर प्रशिक्षक बसतो. ब्रेक कोठे दाबायचा आणि चाक कोठे वळवायचे, हे सांगण्यासाठी धावपट्टीच्या कडेला रंगीत शंकू मांडलेले असतातच. गाडीला ओरखडा आला तर काय, यासाठी वेगळा विमा आणि वेगळे पैसे. काही मिनिटांत फेऱ्या संपतात, गाडी पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाते आणि पाहुण्याच्या हाती त्याचे चित्रीकरण, अर्थात तेही पैसे मोजून, ठेवले जाते. गाडी त्याची नाही, रस्ता त्याचा नाही, वळण कोठे घ्यायचे हा निर्णयही पुरता त्याचा नाही. त्याचे स्वतःचे असते ते फक्त छायाचित्र. पराक्रमाचा अभिनय आणि त्याची पावती, एवढाच हा सौदा.

या सौद्यातील सर्वांत लोकप्रिय गाड्यांपैकी एक आहे लॅम्बोर्गिनी. तिच्या बॉनेटवर सोनेरी बैल कोरलेला आहे. त्या बैलाची कथा मोठी बोलकी आहे. फेरुचिओ लॅम्बोर्गिनी हा इटलीचा कारखानदार मुळात मोटारी नव्हे, ट्रॅक्टर बनवत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतातून बैल हद्दपार करणारी यंत्रे विकून तो श्रीमंत झाला आणि १९६३ मध्ये त्याने वेगवान मोटारींचा कारखाना काढून बैल हेच बोधचिन्ह केले. पुढे गाड्यांना नावे दिली तीही स्पेनच्या झुंजीच्या परंपरेतून. मिउरा हे झुंजीचे बैल पैदास करणाऱ्या घराण्याचे नाव. अव्हेंटाडोर हे प्रेक्षकांसमोर आखाड्यात झुंजलेल्या एका बैलाचे. शेतातला बैल गेला, आखाड्यातला मेला आणि बॉनेटवरचा तेवढा अमर झाला!

जिवंत बैलाचा मुलूख

बॉनेटवरच्या या बैलाचा जिवंत भाऊबंद पाहायचा असेल, तर दुबईला नव्हे, सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात जावे लागते. कवठे महांकाळ, जत, आटपाडी, पलीकडे साताऱ्याचा माण आणि सोलापूरचा सांगोला हा सारा अवर्षणप्रवण पट्टा. अग्रणीचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे राहणारा हा भाग. म्हैसाळ योजनेचे पाणी येण्यापूर्वी येथील पिढ्यांनी आकाशाकडे डोळे लावूनच आयुष्य काढले. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात गर्दी करणारा मेंढपाळ आणि माळरानावर ज्वारी पेरणारा कुणबी, या दोघांचेही दैव पावसाशी बांधलेले. याच मातीने खिलार हा गोवंश घडवला. पांढराशुभ्र किंवा करडा वर्ण, मागे वळलेली लांब निमुळती शिंगे, काटक बांधा, कमी चाऱ्यावर तग धरण्याची शक्ती आणि चालीतला विलक्षण वेग ही त्याची लक्षणे. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत भरणारा जनावरांचा बाजार याच वंशामुळे नावाजला.

या मुलखात बैल हे केवळ शेतीचे साधन कधीच नव्हते. बेंदराच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे हळद-लोण्याने मळायचे, बेंदराला शिंगे रंगवायची, झूल चढवायची, पुरणपोळीचा घास आधी त्याला आणि मग घरातल्यांना, हा येथला कुळाचार. गावोगावच्या यात्रेत छकड्यांच्या शर्यती होत, त्या याच नात्यातून. कोणाच्या दावणीला कसदार खोंड आहे, कोणी त्याला जिवापाड सांभाळले आहे, याची ती पंचक्रोशीने घेतलेली जाहीर परीक्षा होती. पुणे जिल्ह्यात घाटात गाडे पळतात, सांगली-साताऱ्यात सपाट माळावर आखलेल्या फाट्यांवरून छकडे. आदत, दुसा, चौसा अशी दातांवरून वयाची प्रतवारी ठरते आणि गटागटाने शर्यती सुटतात. पाहणाऱ्याला दिसतात ती काही सेकंदांची धाव. त्या काही सेकंदांमागे तीन-चार वर्षांची पहाट असते. मध्यरात्री उठून दिलेला चारा, हाताने भरवलेला खुराक, भल्या सकाळचा चालीचा सराव, आजारपणात उशाशी काढलेल्या रात्री. हा वेग भाड्याने मिळत नाही. तो पोसावा लागतो.

येथेच दोन वेगांतला भेद उघड होतो. धावपट्टीवरच्या पाहुण्याचे त्या गाडीशी नाते काही मिनिटांचे. ती त्याला ओळखत नाही आणि तोही तिला ओळखत नाही. खिलाराच्या मालकाचे नाते तीनशे पासष्ट दिवसांचे. शर्यत हरली म्हणून बैलाचा चारा थांबत नाही. एक वेग उपभोगाचा आहे, दुसरा उत्तरदायित्वाचा.

रानटी कोण?

असे असताना गेल्या दोन दशकांत 'रानटी' हे विशेषण कोणाच्या वाट्याला आले? ११ जुलै २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने खेळ-प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत वाघ-सिंहांच्या पंक्तीला बैलाला बसवले. दारात बांधलेला, घरातल्या लहान पोराच्या हाकेला मान वळवणारा बैल आणि सर्कशीच्या पिंजऱ्यातला वाघ यांत शासनाला फरक दिसला नाही! पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडी शर्यती या दोहोंवर बंदी घातली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर तामीळ तरुणाई उतरली आणि तेथील सरकारला कायदा बदलावा लागला. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही एप्रिल २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. पण त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या मनाईमुळे ती कागदावर राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातील झरे परिसरात आमदार गोपीचंद पडळकर यांच्या पुढाकाराने पोलिसांचा बंदोबस्त चुकवून भल्या पहाटे शर्यत झाली, तेव्हा शहरी माध्यमांना या प्रश्नाची प्रथमच नीट दखल घ्यावी लागली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

या बारा वर्षांच्या लढाईत शर्यतीला विरोध करणारे सारेच खोटे होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. खिळे लावलेल्या काठ्या, शेपटी पिरगाळणे, विजेचे झटके, दारू पाजणे असे अघोरी प्रकार काही मैदानांवर घडत होते आणि त्यांविरुद्ध ज्यांनी आवाज उठवला, त्यांनी बैलाचेच काम केले. ज्या समाजाने बैलाला नंदी म्हणून शिवाच्या समोर बसवले, त्याने तरी हे प्रकार बाहेरच्यांनी सांगेपर्यंत सहन करायला नको होते. प्रश्न वेगळाच आहे. ज्या उच्चभ्रू वर्गाने या क्रौर्यावर उपाय म्हणून शर्यतच मुळासकट उपटण्याचा आग्रह धरला, त्याच वर्गाला सुटीत धावपट्टीवर तासाला दोनशे किलोमीटरने गाडी हाकणे हे संस्कृतीचे, 'अनुभवाचे' लक्षण वाटते. लास वेगासच्या अशाच एका धावपट्टीवर फेब्रुवारी २०१७ मध्ये लॅम्बोर्गिनी भिंतीवर आदळून पेटली आणि पर्यटक व त्याचा प्रशिक्षक दोघेही मृत्यू पावले. त्यानंतर कोणी वेगाच्या पर्यटनाला रानटी म्हटल्याचे ऐकिवात नाही. धोत्रातला माणूस वेगामागे लागला तर तो अडाणी; शिरस्त्राण घातलेला लागला तर तो साहसवीर! ही दुटप्पी दृष्टी बैलाच्या प्रेमातून आलेली नाही. ग्रामीण माणसाकडे परक्याच्या नजरेने पाहण्याची जी सवय इंग्रजी राजवटीने शिक्षित वर्गाला लावली, तिच्यातून ती आली आहे.

धावपट्टीच्या बाजूने

धावपट्टीच्या समर्थकांचा एक युक्तिवाद मात्र विचारात घ्यावा असा आहे. वेगाची हौस माणसात उपजतच असते. ती रस्त्यावर भागवण्यापेक्षा बंदिस्त धावपट्टीवर भागवली तर निरपराधांचे प्राण वाचतील, असे ते म्हणतात. हे खरे आहे. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाने झाले. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाने हाकलेल्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला आणि जामिनाची अट म्हणून त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले गेले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचा संताप उसळला. त्या गाडीपेक्षा धावपट्टी शंभर पटींनी बरी, यात शंका नाही.

परंतु युक्तिवाद येथे संपत नाही. धावपट्टीवर पाहुणा जे शिकतो, ते काय असते? वेग ही पैसे टाकून मिळणारी वस्तू आहे आणि परिणामांची जबाबदारी आधीच सही करून झटकता येते, हाच तो धडा. कल्याणीनगरच्या गाडीत नेमकी हीच वृत्ती बसलेली होती. बापाने गाडी दिली, पैशाने रस्ता दिला आणि परिणामांची पाळी आली तेव्हा पुन्हा पैसाच पुढे झाला. शिस्तीवाचून वेग आणि दायित्वावाचून सामर्थ्य हा भोगवादाचा गाभा आहे. धावपट्टीचे कुंपण त्या वृत्तीला काही मिनिटे आवरते, घडवत मात्र नाही.

हा विरोध यंत्राला आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. याच सांगली जिल्ह्यात १९१० मध्ये औंधच्या अधिपतींनी दिलेल्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी उभारली. त्यांच्या कारखान्याची सुरुवातीची प्रसिद्ध उत्पादने कोणती? लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याचे यंत्र. एकाने बैलाच्या श्रमाला फळ आले, दुसऱ्याने त्याच्या चाऱ्याची नासाडी थांबली. माणूस, माती आणि बैल यांच्या सेवेला उभे राहणारे यंत्र या भूमीला कधीच परके वाटले नाही. परके आहे ते यंत्राच्या आरतीत स्वतःला विसरणे.

बोरगावच्या माळावर

आणि हे विसरणे फक्त शहराच्याच वाट्याला आले आहे, अशी फुशारकी मारण्याचा अधिकार गावाला तरी उरला आहे काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये कवठे महांकाळ तालुक्यातील बोरगावच्या माळावर 'श्रीनाथ केसरी' ही भव्य बैलगाडी शर्यत झाली. दुहेरी महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांच्या पुढाकाराने भरलेल्या या मैदानाला अलोट जनसागर लोटला. बंदीच्या काळात चोरट्यासारख्या पळालेल्या बैलाला राजरोस मैदान मिळाले, याचा आनंद कोणत्याही खिलारप्रेमीला व्हावा असाच होता. पण पहिले बक्षीस कोणते? फॉर्च्युनर मोटार. त्याखाली थार, त्याखाली दुचाक्यांची रांग. जिंकलेल्या जोडीची नावेही ऐकण्यासारखी आहेत: 'हेलिकॉप्टर बैज्या' आणि 'ब्रेक फेल'.

सर्जा-राजा, हिऱ्या-मोत्या ही नावे देणाऱ्या मुलखात बैलाचे नाव 'ब्रेक फेल' व्हावे, यावर हसून पुढे जाता येईल. खेड्याची विनोदबुद्धी जिवंत असल्याची ती खूण म्हणून तिचे कौतुकही करता येईल. पण इटलीतला कारखानदार आपल्या गाडीला बैलाची ओळख देतो, कारण सामर्थ्याचे प्रतीक म्हणून त्याला बैलच आठवतो. आणि ज्याच्या दावणीला खराखुरा बैल आहे, त्याला सामर्थ्यासाठी हेलिकॉप्टर आठवते. याला आत्मविस्मृती म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

नावापेक्षा बक्षिसाचा प्रश्न गंभीर आहे. पूर्वी जिंकणाऱ्याला फेटा, ढाल, मानाचा नारळ आणि थोडीफार रक्कम मिळे. खरे बक्षीस पंचक्रोशीतला लौकिक हेच होते. पंचवीस-तीस लाखांहून अधिक किमतीची मोटार पणाला लागली की मैदानाचे गणितच पालटते. बैल पोसणारा शेतकरी मागे पडतो आणि लाखो रुपये टाकून तयार बैल विकत घेणारा पैसेवाला पुढे येतो. दुसऱ्याने वाढवलेला बैल, पगारावर ठेवलेला हाकणारा आणि मालक मात्र मंडपात! मग हा मालक आणि अबुधाबीच्या धावपट्टीवरचा तो पाहुणा यांत फरक तो काय राहिला? दोघांनीही वेग विकत घेतला, घाम मात्र दुसऱ्याचा. एवढी मोठी रक्कम पुढे दिसू लागली की चाबूक आणि झटक्याचा मोहही पुन्हा डोके वर काढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, धावण्याला एक हजार मीटरची मर्यादा आणि क्रौर्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास ठरवला आहे. बारा वर्षांच्या झगड्यानंतर मिळालेली ही सवलत आहे. ती गमावण्यासाठी न्यायालयात कोणी जाण्याची गरज नाही. मैदानावरचे दोन अतिरेकी प्रसंग पुरेसे आहेत.

वंश वाचला तर शर्यत

खरा यक्षप्रश्न शर्यतीच्या पलीकडचा आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार, २०१२ च्या तुलनेत देशातील देशी गोधन सुमारे ६ टक्क्यांनी घटले, तर संकरित व विदेशी जनावरे जवळजवळ २७ टक्क्यांनी वाढली. त्याहून भयंकर आकडा नरांचा आहे. सात वर्षांत देशातील बैल, वळू व गोऱ्ह्यांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी खाली आली. ट्रॅक्टरने नांगर घेतला, टेम्पोने गाडी घेतली आणि खिलार गाय दूध बेताचेच देते. मग ती सांभाळायची कोणासाठी? तिच्या पोटी येणाऱ्या खोंडाला किंमत आली, तरच ती दावणीला राहते. आज त्या खोंडाला किंमत देणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक शर्यत हेच आहे. शर्यतीचे समर्थन करायचे ते या एका भक्कम कारणासाठी.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये गोवंशहत्याबंदी लागू केली, ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' हा सन्मान दिला. दोन्ही निर्णय स्वागतार्हच. परंतु सुरीपासून वाचवलेला बैल चाऱ्यावाचून मेला, तर त्या कायद्याचे पुण्य कोणाच्या पदरी? घोषणेने गोठा भरत नाही आणि जयजयकाराने गव्हाण भरत नाही. दुष्काळाच्या वर्षी चारा छावणीत रात्री काढणाऱ्या कवठे महांकाळच्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. ते शिकायचे आहे व्यासपीठावरून भाषण करणाऱ्यांनी.

म्हणून बोरगावसारखी मैदाने भरवणाऱ्यांपुढे काही साध्या अपेक्षा ठेवायला हव्यात. बक्षिसाचा मोठा वाटा मोटारीत नव्हे, गोठ्यात जाऊ द्या: वर्षभराचा चारा, पशुवैद्यकीय सेवा, जातिवंत खिलार कालवड. जिंकलेल्या बैलाच्या विकत घेणाऱ्या मालकाबरोबरच तो ज्याच्या गोठ्यात जन्मला, त्या शेतकऱ्याचाही फेटा बांधून सत्कार करा. ज्या गाईच्या पोटी तो आला, तिचे नाव ध्वनिक्षेपकावरून सांगा. धावण्याच्या बक्षिसाइतकेच बक्षीस सर्वोत्तम सांभाळलेल्या जनावराला ठेवा. मैदानावर पशुवैद्यक आणि कॅमेरा यांच्याशिवाय एकही छकडा सुटू देऊ नका आणि चाबूक उगारणाऱ्याला गावानेच मैदानाबाहेर काढा, पोलिसांची वाट पाहू नका. हे घडले, तर शर्यतीविरुद्ध याचिका करणाऱ्यांना हातात धरायला कागद उरणार नाही.

आणि ज्यांना सुटीत वेगच अनुभवायचा आहे, त्यांनी खुशाल अबुधाबीला जावे. पैसा त्यांचा आहे. त्यांतील कित्येक घरे याच दुष्काळी पट्ट्यातून निघालेली आहेत. सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायाने खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळची माणसे देशाच्या कानाकोपऱ्यांत नेली, वैभवाला चढवली. यात्रेला ही मंडळी मोठ्या मोटारींतून गावी परततात. त्यांच्या मुलांना धावपट्टीवरचा सोनेरी बैल ठाऊक असतो, आजोबांच्या दावणीचा माहीत नसतो. एका सुटीत काही मिनिटांच्या फेऱ्यांवर उडणाऱ्या पैशात एक खिलार गाय काही महिने पोसली जाते, एवढा हिशेब जरी त्यांनी मुलांना समजावून सांगितला, तरी खूप झाले.

बॉनेटवरचा बैल धातूचा आहे. त्याला चारा लागत नाही, पाणी लागत नाही, माया लागत नाही. म्हणून तो भाड्याने मिळतो. दावणीच्या बैलाला या तिन्ही गोष्टी लागतात. म्हणून तो संस्कृती घडवतो. शहराने पहिल्याचा मोह धरला आहे आणि गावाने त्याच मोहाचे बक्षीस दुसऱ्याच्या गळ्यात बांधले आहे. यांतला कोणता बैल पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा, याचा निर्णय ना दुबईत होणार आहे, ना दिल्लीच्या न्यायालयात. तो कवठे महांकाळच्या गोठ्यातच होणार आहे.